काढून टाकलेली झडप



श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा उत्तर-दक्षिण महामार्ग आणि पोरबंदरहून सिल्चरकडे जाणारा पूर्व-पश्चिम महामार्ग हे दोन्ही झाशीपाशी एकमेकांना छेदतात. ग्वाल्हेर, शिवपुरी, ललितपूर, कानपूर, खजुराहो अशा चहूकडच्या वाटा या शहरातून फुटतात. त्यामुळे येथल्या गॅरेजांत गावच्या गाड्यांप्रमाणेच परगावच्या गाड्यांचीही वर्दळ असते. उन्हाळ्यात यांपैकी पुष्कळ गाड्यांची तक्रार एकच असते : रेडिएटरचे पाणी उकळते, काटा लाल खुणेकडे जातो आणि चढावर गाडी दम सोडते.

बुंदेलखंडाचा ग्रीष्म किती कडक असतो हे झाशीकरांना सांगावयास नको. मे महिन्याच्या उत्तरार्धात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे येथे नवलाचे नाही. २०२४ च्या मे महिन्यात तो ४९ अंशांपर्यंत चढला होता. १८५८ साली झाशी पडल्यानंतर मे महिन्यात कोंच येथे जी लढाई झाली, तीत सर ह्यू रोझच्या फौजेतील कितीतरी गोरे शिपाई गोळीने नव्हे, तर उन्हाने कोसळले आणि खुद्द रोझलाही उष्माघाताचे झटके आले. माणूस निदान सावलीला बसू शकतो. मोटारीच्या इंजिनाला मात्र त्याच उन्हात, स्वतःच्या पोटातील आगीसह, धावावे लागते.

पाणी उकळलेली अशी गाडी मिस्त्रीच्या हाती पडली की पुष्कळदा एक ठराविक उपाय केला जातो. इंजिनाच्या वरच्या होज पाइपच्या तोंडाशी असलेले झाकण उघडून मिस्त्री एक लहानशी पितळी झडप बाहेर काढतो, ती मालकाच्या हातावर ठेवतो आणि आपल्याकडच्या गरमीत हिची गरजच नाही असे सांगतो. ही झडप म्हणजे थर्मोस्टॅट. विलायतेतील थंडीसाठी ती बसवलेली असते, हिंदुस्थानात ती केवळ पाण्याची वाट अडवते, असा हा समज आहे. तो झाशीपुरता मर्यादित नाही. देशभरातील गॅरेजांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो कितपत खरा आहे, हे तपासणे हा या व्याख्यानाचा विषय आहे.

पेट्रोल जळाल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतांश भाग इंजिनाच्या भिंतींत शिरतो. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी तापमान २,००० अंशांच्याही वर जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, हे लक्षात घेतले म्हणजे भिंतींमागून वाहणारे पाणी काय काम करते याची कल्पना येईल. पाणी ही उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये नेऊन हवेच्या स्वाधीन करते आणि पुन्हा फिरून येते. या फेऱ्यात कोठेही खंड पडला, तर काही मिनिटांत हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे पाण्याच्या आणि बाहेरील हवेच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल, तर हे अंतर ७० अंशांचे होते. झाशीच्या मे महिन्यातील दुपारी हवा ४५ अंशांवर असताना तेच अंतर ४५ वर येते. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, पाणी तेवढेच; परंतु त्याची शक्ती एक तृतीयांशाहून अधिक घटली. तापलेल्या डांबरावरून येणारी हवा तर हवामान खात्याच्या तापमापकातील हवेपेक्षा आणखी गरम असते. नव्या, स्वच्छ रेडिएटरमध्ये ही तूट सोसण्याइतकी शिल्लक ठेवलेली असते. जुन्या, अर्धवट बुजलेल्या रेडिएटरमध्ये ती उरत नाही. जानेवारीत निर्दोष वाटणारी गाडी मे महिन्यात उकळते ती यामुळे. दोष जानेवारीतही असतोच, फक्त तो दिसत नाही.

आता थर्मोस्टॅटकडे वळू. उष्णतेचे आपोआप नियमन करण्याची कल्पना मोटारीपेक्षा फार जुनी आहे. कोर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंडी उबवण्याच्या पेटीसाठी आपली आच आपणच सांभाळणारी भट्टी रचली होती. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्द १८३० मध्ये अँड्र्यू युअर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने आपल्या पेटंटात वापरला. मोटारगाडीत प्रथम जी झडप आली ती भात्यासारखी होती. चुण्या असलेल्या धातूच्या लहान डबीत अल्कोहोलसारखा चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे. पाणी तापले की डबी फुगे आणि वाट उघडे. पुढे पाण्याच्या फेऱ्यात दाब राखण्याची पद्धत आली. या दाबामुळे भात्याच्या हिशोबात घोटाळा होऊ लागला आणि त्याची जागा मेणाच्या झडपेने घेतली. हीच झडप आजही बहुसंख्य गाड्यांत आहे.

तिची रचना साधी आहे. पितळेच्या कुपीत विशिष्ट प्रतीचे मेण भरलेले असते आणि उष्णता लवकर पोहोचावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळलेली असते. ठराविक तापमानाला, समजा ८२ अंशांना, हे मेण वितळू लागते, फुगते आणि एका दांड्याला बाहेर रेटते. त्याबरोबर झडप उघडते. आणखी दहाबारा अंश चढले की ती पूर्ण उघडते. पाणी निवले की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. झडप मिटलेली असेपर्यंत पाणी इंजिनातल्या इंजिनात, एका आडवाटेने फिरत राहते. उघडल्यावर ते रेडिएटरकडे जाते.

जुना भाता आणि मेणाची कुपी यांच्या स्वभावात मात्र एक महत्त्वाचा फरक आहे. भात्याला भोक पडले तर तो सैल होऊन उघडा राहत असे. गाडी थंड राही, पण धोका नसे. मेणाच्या कुपीतून मेण पाझरून गेले तर स्प्रिंग वरचढ ठरते आणि झडप बंद राहते. बंद राहिलेली झडप काही मिनिटांतच इंजिन उकळवते. मिस्त्रीच्या मनात थर्मोस्टॅटविषयी जो अविश्वास आहे त्याचे मूळ येथे आहे आणि तो निराधार म्हणता येणार नाही. बंद पडलेली झडप त्याने काढली, गाडी थंड झाली, मालक आनंदाने घरी गेला, असे त्याने अनेकदा पाहिलेले असते. अँबॅसडर आणि फियाटच्या काळात सुटा भाग मिळण्यास पुष्कळ वेळ लागे. तोपर्यंत झडपेवाचून गाडी चालवणे हा शहाणपणाचाच मार्ग होता. चूक झाली ती पुढे. तात्पुरती सोय हाच नियम बनला आणि चांगल्या झडपाही काढून फेकल्या जाऊ लागल्या.

झडप काढल्याने पाणी रेडिएटरमधून इतक्या वेगाने जाते की त्याला निवण्यास वेळच मिळत नाही, असे एक स्पष्टीकरण झडपेच्या बाजूने बोलणारे लोक देतात. ते चुकीचे आहे. पाणी वेगाने गेले तर ते वेगाने परतही येते, आणि एकंदर टाकलेली उष्णता त्यामुळे कमी होत नाही. बरोबर बाजू चुकीच्या कारणाने मांडली की प्रतिपक्षाला ती खोडून काढणे सोपे जाते. म्हणून खरी कारणे नीट पाहिली पाहिजेत.

पहिले कारण वर उल्लेखिलेल्या आडवाटेचे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची झडप दुहेरी असते. तिचा एक भाग रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी दुसरा भाग आडवाट मिटवतो. झडप समूळ काढली की आडवाट कायमची उघडी राहते, आणि पाण्याचा काही भाग रेडिएटरचे तोंडही न पाहता तापलेला तसाच इंजिनात परत येतो. थंडीत हे जाणवत नाही. परंतु मे महिन्यात, ज्या दिवशी पाण्याचा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जाणे अगत्याचे असते, त्याच दिवशी ही गळती घात करते. म्हणजे ज्या उपायाने गाडी थंड व्हावयाची, त्यानेच ती तापते. अँबॅसडरच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचे कूळ ब्रिटिश होते. त्या कुळातील इंजिनांतून शर्यतीसाठी थर्मोस्टॅट काढावयाचा झाल्यास त्याच्या जागी एक पोकळ धातूची बांगडी बसवीत, ती एवढ्यासाठीच की आडवाट झाकली जावी. झडप काढण्याची रीत सर्वत्र पसरली; बांगडीची मात्र तिच्याबरोबर क्वचितच पोहोचली. शिवाय उष्ण प्रदेशांसाठी ७४ अंशांना उघडणारी वेगळी झडप त्या गाड्यांकरिता मिळत असे, यावरून गरम देशात झडप नकोच असे खुद्द कारखानदारांचे मत नव्हते हे उघड आहे. अर्थात कमी अंशांची झडप बसवली म्हणून रेडिएटरची शक्ती वाढत नाही. ती थोडी अगोदर उघडते, इतकेच.

दुसरे कारण हिवाळ्याचे. जानेवारीच्या रात्री झाशीत पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. झडप नसलेले इंजिन अशा सकाळी दहा-पंधरा किलोमीटर धावूनही नीट तापत नाही. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ थंड भिंतींवर दवासारखी जमते, धुरातील आम्लांशी मिसळते आणि सिलिंडरला गंज चढवते. न जळलेले पेट्रोल खाली उतरून तेल पातळ करते. सिलिंडरच्या झिजेचा मोठा वाटा वेगामुळे नव्हे, तर थंड भिंतींवरील या आम्लामुळे असतो, हे इंग्लंडात १९३० च्या दशकातील प्रयोगांनी दाखवून दिले होते. मालकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला दोन-तीन वर्षांनी गाडी तेल पिऊ लागल्याचे तेवढे दिसते, आणि तोवर झडपेचा विसर पडलेला असतो.

मग झाशीच्या गाड्या इतक्या का तापतात? झडप दोषी असते तेव्हा असते. परंतु बहुतेक वेळा अपराधी पाणीच असते. बुंदेलखंडाचा पाया ग्रॅनाइटचा. विहिरी आणि बोअर यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड, क्षारांनी भरलेले. वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही गृहिणींची जुनी तक्रार त्याच क्षारांमुळे असते. अंघोळीच्या बंबात जो पांढरा टणक थर साचतो, तोच थर इंजिनाच्या पोटातही साचतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार उष्णतेने फुटून कार्बोनेटच्या रूपात बाहेर पडतात, आणि ते पडतात तेही नेमके जेथे भिंत सर्वांत गरम असते तेथे, म्हणजे हेडच्या आत. हा थर ओतीव लोखंडाच्या मानाने वीसपंचवीस पटींनी वाईट उष्णतावाहक असतो. जाड रजई पांघरून उन्हात उभे राहावे, तशी इंजिनाची स्थिती होते. रेडिएटरच्या नळ्यांतही हाच थर चढतो, आणि त्या मुळातच अरुंद असतात. काही नळ्या पुरत्या बुजतात. बाहेरून हात लावून पाहिल्यास रेडिएटरचा काही भाग गरम आणि काही भाग थंड लागतो. त्या थंड भागातून पाणी जातच नाही, असे समजावे.

झाशी हे रेल्वेचे मोठे ठाणे. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेला पाण्याचा हा स्वभाव पुरता ठाऊक होता. ठराविक दिवसांनी प्रत्येक इंजिनाची आग विझवून त्याचा बॉयलर आतून धुतला जाई. हा नियम मोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होते. त्याच शहरातील मोटारमालक मात्र हापशाखाली बादली धरतो आणि ते पाणी रेडिएटरमध्ये ओततो. दर वेळी पाणी उकळले की वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि भर म्हणून टाकलेल्या नव्या पाण्याबरोबर नवे क्षार येतात. गळका होज पाइप न बदलता रोज एक लोटा पाणी घालून भागवणाऱ्या गाडीत वर्षभरात किती मीठ जमत असेल, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

यासाठी बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी किंवा स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी वापरावे. त्याहून चांगले म्हणजे कारखान्याने सांगितलेले कूलंट, योग्य प्रमाणात मिसळून. कूलंट हे गोठू नये म्हणून घालतात, तेव्हा झाशीत त्याचे काय काम, असे विचारले जाते. त्यातील ग्लायकोल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो आणि त्यातील इतर द्रव्ये गंज व थर यांना अटकाव करतात, हे त्याचे येथले काम. निव्वळ कूलंट मात्र ओतू नये. ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहू शकत नाही. ते गोडसर आणि विषारी असल्याने अंगणात सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे. मुले आणि जनावरे त्याला तोंड लावतात.

पाण्याखालोखाल दोष हवेचा. रेडिएटरच्या जाळीत माती, गवताचे तूस, मेलेले किडे आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांची धूळ बसते. पंख्याचा पट्टा सैल पडतो. जुन्या गाड्यांत पंखा इंजिनाबरोबरच फिरत असल्याने गाडी उभी असताना तो मंद होतो. नव्या गाड्यांत तो विजेवर चालतो, पण त्याचा फ्यूज किंवा संवेदक बिघडला की मालकाला पत्ता लागत नाही. वाऱ्याच्या साह्यावाचून इंजिनाची परीक्षा पाहणारा प्रसंग म्हणजे लग्नाची वरात. लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात येते. नवरदेवाची फुलांनी शृंगारलेली गाडी बँडच्या मागून पायी चालीने तासभर सरकत असते, वातानुकूलन पूर्ण सुरू असते, आणि रेडिएटरच्या जाळीवरही पुष्कळदा झेंडूच्या माळा सोडलेल्या असतात. अशा गाडीत पाणी उकळले, तर थर्मोस्टॅटला दोष देण्यापूर्वी माळा काढून पाहाव्यात.

वाटेत काटा लाल खुणेकडे निघाला तर प्रथम वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा. आतील माणसांना ते जाचेल, पण हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो. तरीही काटा उतरला नाही, तर गाडी सावलीत थांबवून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण त्या वेळी मुळीच उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते आणि त्या दाबामुळेच ते शंभर अंशांच्या वरही उकळल्यावाचून राहते. झाकण सैल होताच दाब जातो, सारे पाणी एकदम उकळून उसळते आणि उघडणाऱ्याचा चेहरा व हात भाजतात. प्रवासाची घाई असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण हे अपघात घाईतच होतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबून, झाकण हाताला सोसेल इतके निवल्यावरच, त्यावर जाड ओले फडके टाकून ते सावकाश फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. पाणी थोडेथोडे आणि इंजिन मंद चालू ठेवून घालावे.

थर्मोस्टॅट चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठी मिस्त्रीच्या किंवा मालकाच्या मतावर विसंबण्याचे कारण नाही. झडप काढल्यावर ती दोऱ्याला बांधून पाण्याने भरलेल्या पातेल्यात, बुडाला टेकणार नाही अशी, लोंबती सोडावी. शेजारी तापमापक धरावा आणि पातेले मंद आचेवर ठेवावे. झडपेवर कोरलेल्या अंशांच्या आसपास ती उघडू लागली, दहाबारा अंश पुढे पूर्ण उघडली आणि पाणी निवल्यावर पुन्हा घट्ट मिटली, तर ती निर्दोष आहे. उकळत्या पाण्यातही मिटून राहिली किंवा गार पाण्यातच उघडी दिसली, तर ती टाकून नवी आणावी. दुरुस्त ती होत नाही. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. नवी झडप बसवताना तिच्या कडेला एका छिद्रात खुळखुळणारी लहान पिन असल्यास ती वरच्या बाजूस ठेवावी. अडकलेली हवा तेथून निघून जाते. झडप उलटी बसवली, म्हणजे मेणाची कुपी इंजिनाऐवजी रेडिएटरकडे आली, तर उत्तम झडपही वेळेवर उघडणार नाही. हा प्रमाद दिसतो तितका दुर्मिळ नाही.

अलीकडच्या अनेक लहान गाड्यांत तापमानाचा काटाच राहिलेला नाही. त्याच्या जागी एक दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असू शकते, आणि ॲल्युमिनियमचे हेड लोखंडी हेडइतके सोशिकही नसते. अशा गाडीच्या मालकाने आठवड्यातून एकदा, इंजिन गार असताना, पाण्याच्या टाकीवरील खूण पाहावी. पातळी सतत उतरत असेल, तर पाणी कोठे तरी जात आहे. जमिनीवर ओल नसेल, तर ते सिलिंडरमध्ये जात आहे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तिच्यातील झडप पूर्वीच काढली गेली आहे किंवा नाही, हे कसे कळावे? त्यासाठी हिवाळ्याची सकाळ सोयीची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून वरच्या होज पाइपवर, पंख्यापासून जपून, हात ठेवावा. झडप शाबूत असेल तर पाइप काही मिनिटे गारच राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. झडप नसेल तर तो पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत जातो. नंतर गाडी ओरछ्याच्या रस्त्याने काढावी. अर्धी वाट सरेपर्यंत काटा मधल्या खुणेवर येऊन स्थिर झाला पाहिजे. ओरछ्याला पोहोचूनही तो खालीच रेंगाळत असेल, तर परत येताना नवी झडप आणि तिचे गॅस्केट घेऊन यावे.